काळ्या मातीला एक दिवस द्या
शाळेतल्या मातीच्या प्रयोगावरच्या एका लेखात लिहिलंय की बरणीत माती-पाणी हलवलं की तासाभरात मुलांना मातीचे थर दिसतात. मराठवाड्यातल्या काळ्या मातीत हे होत नाही. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयट्याला (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कणांना) दोन-तीन तास लागतात आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. मग गुरुजींना वाटतं प्रयोग फसला, आणि बरणी ओतून टाकतात!

ढेकळं आधी वाळवून बारीक फोडा. सरळ कडांच्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर धुण्याची पावडर. पावडरीने चिकणमातीचे कण सुटे होतात. नाहीतर गुठळ्या वाळूबरोबरच खाली बसतात आणि वाळूचा थर उगाच जाड दिसतो. पाच मिनिटं जोरात हलवा, मग बरणीला हात नको. थरांच्या खुणा मुलांनीच काचेवर करायच्या. शेजारी माळावरच्या मुरमाड मातीची बरणी हवीच, त्याशिवाय फरक कळत नाही. चुनखडीचा खडा सापडला तर त्यावर लिंबू पिळा, फसफसतो.

माती आणायला एप्रिलात सकाळी नऊच्या आत जा. काळ्या रानातल्या भेगांची खोली तुराटी (तुरीची वाळलेली काडी) घालून मोजायची, हात घालू द्यायचा नाही. आत विंचू असतो.