‘आधार दाखवा अन् नेपाळ-भूतान फिरा’ : या मेसेजवर विसंबून निघू नका

सोयाबीनचे पैसे हाती आले, हरभऱ्याची पेरणी उरकली की आपल्याकडं यात्रेच्या गाड्या ठरू लागतात. काशी, अयोध्या, गोरखपूर आणि तिथून पुढं नेपाळ. लातूर-नांदेडकडच्या गावांत एसटी स्टँडवर, पारावर पत्रकं लागतात. भजनी मंडळातली माणसं जातात, भिशीच्या बायका मिळून जातात, लुंबिनीला जाणारी बौद्ध कुटुंबं जातात. आणि त्याच सुमाराला ग्रुपवर हा मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं एकच:

‘नेपाळ आणि भूतान आपल्यासाठी परदेश नाहीतच. व्हिसा नको, पासपोर्ट नको, फक्त आधार कार्ड दाखवा. फी शून्य. आपल्याच नोटा चालतात. स्वतःची गाडी घेऊन बिनधास्त जा. तिथूनच कैलास मानसरोवरही होतं. एजंटांना लुटू देऊ नका. सगळ्यांना पाठवा.’

तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. पीकविमा, सातबारा, पॅन, मतदार नोंदणी, असली कामं. त्यामुळं हा मेसेज मोबाइलवर दाखवून ‘दादा, आधारची कलर प्रिंट काढून लॅमिनेशन करून द्या, आम्ही नेपाळला चाललो’ म्हणणारी माणसं आधी माझ्यासमोर येतात. आयुष्यभर पै-पै साठवून एकदाच बाहेर पडणारी ही माणसं आहेत. ती विमानतळावरून माघारी फिरावीत, हे मला बघवत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘व्हिसा नको’

हे खरं आहे. भारत आणि नेपाळमध्ये 1950 साली मैत्री करार झाला, त्यामुळं दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडं जायला व्हिसा लागत नाही. भूतानलाही भारतीयांना व्हिसा नाही. पण तिथं प्रवेश परवाना काढावा लागतो. रस्त्यानं गेलात तर सीमेवरच्या फुंतशोलिंगला, विमानानं गेलात तर पारोला. मेसेजमध्ये या परवान्याचा उल्लेखच नाही, आणि खरी कागदपत्रं मागितली जातात ती तिथंच.

‘पासपोर्ट नको, फक्त आधार दाखवा’

सगळ्यात जास्त माणसं इथंच अडकतात, म्हणून इथं जरा थांबतो.

पासपोर्ट नसला तरी चालतं, इथपर्यंत बरोबर. पण त्याच्या जागी चालतं ते निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार नाही. कारण साधं आहे. आधार हे नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. भारतात 182 दिवस राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार काढता येतं. मतदार यादीत नाव मात्र भारतीय नागरिकाचंच येतं. व्हिसाची सवलत भारतीय नागरिकाला आहे, म्हणून तिथं नागरिक असल्याचा कागद लागतो.

मग आधारची गोष्ट आली कुठून? सरकारनं 2019 च्या जानेवारीत एक सवलत स्पष्ट केली. 15 वर्षांखालची मुलं आणि 65 वर्षांवरची माणसं यांच्याकडं पासपोर्ट किंवा मतदार कार्ड नसलं, तर वय आणि ओळख पटवणारा फोटोचा कागद चालतो. पॅन, लायसन, रेशनकार्ड यांच्या जोडीला त्या यादीत आधार घातलं गेलं. बातमीचा मथळा तेवढा फिरला आणि वयाची अट गळून पडली. 15 ते 18 च्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळखपत्र लागतं. कुटुंब एकत्र जात असेल तर एका मोठ्या माणसाकडं पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असावं, बाकीच्यांकडं फोटोचं ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा. पण हे कुटुंबापुरतं. गल्लीतल्या बारा बायका म्हणजे कुटुंब धरत नाहीत.

आता ती 65 ची अट. एक काकू आल्या होत्या. म्हणाल्या, ‘मला चालतं आधार, मी सत्तरीच्या घरात हाय. बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला होते, थोरला पोटात होता.’ हिशेब बरोबर होता. पण आधारवर नुसतं जन्मवर्ष छापलेलं, तेही 1963. नोंदणीच्या वेळी कुणीतरी अंदाजे टाकलेलं. कागदावर त्या साठीच्या आसपास. अधिकारी दुष्काळ विचारत नाही, तो कागदावरचा आकडा बघतो. त्यांचं मतदार कार्ड बघितलं तर जुनं, कडा सुटलेलं, फोटो पांढरा पडलेला, त्यावर माहेरचं नाव. तिकीट मात्र सासरच्या नावानं काढायचं ठरलेलं.

अशी कार्डं आपल्याकडं घराघरात आहेत. उपाय आहे, फक्त वेळेत करायला पाहिजे. नाव, वय, फोटो दुरुस्त करायला किंवा खराब कार्डाच्या जागी नवं मिळवायला नमुना 8 भरायचा. ऑनलाइन भरता येतो, नाहीतर गावच्या बीएलओकडं, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्याकडं, द्यायचा. बहुतेक गावांत हे काम शाळेतले गुरुजी नाहीतर अंगणवाडीच्या ताई बघतात. पडताळणी होऊन कार्ड पोस्टानं यायला वेळ लागतो, त्यामुळं गाडी ठरायच्या आधी हे काम उरका. आणि तिकीट कार्डावर आहे त्याच नावानं काढा.

‘आमचे भाऊ तर गेल्या साली सोनौलीवरून आधारवर जाऊन आले, कुणी विचारलं पण नाही,’ असं मला हमखास ऐकायला मिळतं. ते खोटं बोलत नाहीत. सीमा खुली आहे, यात्रेची बस दिसली की कित्येकदा हात करून सोडून देतात. पण कुणी विचारलं नाही म्हणजे नियम नाही असं होत नाही. मुक्तिनाथला जाऊन एखाद्याची तब्येत बिघडली आणि काठमांडूहून विमानानं दिल्ली गाठायची वेळ आली, तर विमानतळावर पासपोर्ट किंवा मतदार कार्डच मागतात. मुक्तिनाथ सुमारे 3,700 मीटर उंचीवर आहे. आपल्या बालाघाटच्या डोंगरात वावरणाऱ्या माणसाला तिथं दम लागतोच, त्यामुळं ही वेळ कुणावरही येऊ शकते.

भूतानला तर असं निसटून जाणं नाहीच. तिथं पासपोर्ट, तोही किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला, नाहीतर मतदार कार्ड. लहान मुलांचा जन्मदाखला सोबत ठेवा. म्हाताऱ्यांच्या आधारची सवलत नेपाळपुरतीच धरून चला.

ज्यांना जमेल त्यांनी सरळ पासपोर्ट काढावा, असं मी सांगतो. 36 पानांच्या, दहा वर्षं चालणाऱ्या पासपोर्टची सरकारी फी 1,500 रुपये आहे, साठीच्या वरच्यांना त्यात दहा टक्के सूट. आता हेड पोस्टातसुद्धा केंद्रं झाली आहेत, मुंबई-पुण्याला खेटे घालायची गरज राहिलेली नाही.

‘फी शून्य’

नेपाळात शिरायला भारतीयांना फी नाही, हे बरोबर. पशुपतिनाथाच्या दर्शनालाही भारतीयांना तिकीट नाही. पण भक्तपूर, पाटणचे जुने राजवाडे-चौक बघायला सार्क देशांच्या, म्हणजे भारतासह दक्षिण आशियातल्या देशांच्या, लोकांसाठी वेगळं तिकीट आहे. बाकी परदेशी लोकांपेक्षा कमी, पण आहे. मुक्तिनाथचा रस्ता अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रातून जातो, त्याचा परवाना आपल्याला 1,000 नेपाळी रुपयांना पडतो, म्हणजे आपले 625. लुंबिनीत मायादेवी मंदिराच्या आवारात अशोकाचा स्तंभ आहे. बुद्धांचा जन्म इथं झाला म्हणून या गावाचा कर माफ केला आणि पिकाचा फक्त आठवा हिस्सा ठेवला, असं त्यावर ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे. आपल्याकडून तिथं जाणाऱ्यांनी तो लेख जवळून जरूर बघावा.

भूतानबद्दल मात्र ‘फी शून्य’ हे साफ चुकीचं आहे, आणि मोठा खर्च नेमका इथंच आहे. भूतान प्रत्येक पर्यटकाकडून रोजचं शाश्वत विकास शुल्क घेतं. सगळे त्याला एसडीएफ म्हणतात. भारतीयांना माणशी, दर रात्रीचे 1,200 रुपये. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे, पाच वर्षांपर्यंतच्यांना माफ. नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि पाच रात्री असा हिशेब केला, तर दोघांचे 12,000, मुलीचे 3,000, एकूण 15,000 रुपये. हॉटेल, गाडी, जेवण सोडून. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम ऐनवेळी उभी राहत नाही.

पूर्वी ही फी भारतीयांना खरंच नव्हती. भूतानच्या संसदेनं 2020 च्या सुरुवातीला कायदा केला, पण लगेच कोरोनामुळं सीमा बंद झाल्या. 23 सप्टेंबर 2022 ला भूतान पुन्हा उघडलं तेव्हापासून पैसे घ्यायला सुरुवात झाली. मेसेज आणि यूट्यूबवरचे कितीतरी व्हिडिओ त्याच्या आधीच्या काळातले आहेत. व्हिडिओ बघताना खाली तारीख बघा. बाकीच्या देशांतल्या पर्यटकांना हेच शुल्क रोजचं 100 डॉलर आहे, तेव्हा आपल्याला सवलत आहेच. पण सवलत आणि शून्य यांत पंधरा हजारांचा फरक पडतो.

‘आपल्याच नोटा चालतात’

भूतानचा ङुल्त्रुम आणि आपला रुपया एकाच भावाचे, तिथं फारशी अडचण येत नाही. नेपाळात आपल्या शंभराचे 160 नेपाळी होतात, हा दर वर्षानुवर्षं ठरलेला आहे. मात्र डिसेंबर 2018 मध्ये नेपाळ सरकारनं शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, आणि त्यात पाचशेच्या गड्ड्या घेऊन गेलेल्यांची फार ओढाताण झाली. शंभरच्या नोटा न्या, त्यांना तेव्हाही अडचण नव्हती. 2024 पासून नेपाळातल्या बऱ्याच दुकानांत तिथल्या ‘फोनपे’च्या (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, पण डोंगरात त्या भरवशावर राहू नका.

‘स्वतःची गाडी बिनधास्त न्या’

नेपाळच्या नाक्यावर गाडीसाठी भन्सार, म्हणजे तिथली जकात, भरावा लागतो. जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचा, गाडीच्या प्रकाराप्रमाणं. पावती जपून ठेवा आणि दिवस कमी सांगू नका. मुदत संपलेली गाडी पोलिसांनी धरली तर दंड भरल्याशिवाय सुटत नाही. आरसी बुक मूळ प्रत लागतं. भूतानात फुंतशोलिंगच्या पुढं भारतीय गाडी न्यायची तर तिचंही रोजचं शुल्क निराळं. चौघांच्या कुटुंबाला भूतान सीमेजवळच्या हासिमारापर्यंत (पश्चिम बंगाल) रेल्वेनं जाऊन पुढं तिथली गाडी करणं बरं पडतं.

‘तिथूनच कैलास मानसरोवर’

मानसरोवर तिबेटात आहे, म्हणजे चीनच्या हद्दीत. पासपोर्ट आणि चीनचा व्हिसा, यांशिवाय पाऊल टाकता येत नाही. काठमांडूहून जा नाहीतर लिपुलेखवरून जा.

‘एजंटांना लुटू देऊ नका’

लुटणारे आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण या मेसेजवर विसंबून निघालेला माणूस सीमेवर पोहोचून जास्त लुटला जातो. ‘परवाना काढून देतो, दोन हजार द्या’ म्हणणारा तिथं उभाच असतो, आणि परतायची वाट बंद झालेला माणूस मुकाट्यानं देतो. त्यापेक्षा पैसे भरायच्या आधी यात्रेवाल्याकडून कोऱ्या कागदावर लिहून घ्या: भूतानचं एसडीएफ धरलंय का, मुक्तिनाथचा परवाना कुणाच्या खर्चात, भन्सार कोण भरणार, परतीचा प्रवास बसनं की विमानानं. पत्रकावर ‘कागदपत्रे : आधार कार्ड’ एवढंच छापलेलं असेल, तर यादीतल्या पासष्टीखालच्या माणसांचं काय करणार, हे सगळ्यांच्या देखत विचारा. ज्यानं या गाड्या खरंच नेल्या आहेत तो लगेच मतदार कार्ड मागतो, आणि मूळ कार्ड मागतो, झेरॉक्स नाही.