‘एकच गाणं गायलेला’ अनुप घोषाल? नाही हो काका

गेल्या आठवड्यात आमच्या ठाण्याच्या कराओके ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. पाठवणारे काका मनाने फार चांगले. ‘मासूम’मधलं ‘तुझसे नाराज़ नहीं ज़िंदगी’ दर दुसऱ्या रविवारी तेच म्हणतात. मजकूर थोडक्यात असा: ‘अनुप घोषाल. आयुष्यात एकच गाणं गायला. तेही लताबाईंच्या सावलीत झाकलं गेलं. पुढे काम मिळेना, म्हणून राजकारणात शिरला आणि गाणं संपलं. कधी गेला, कुणाला कळलंही नाही.’ खाली रडके चेहरे. दोन दिवसांत हेच मला सोसायटीच्या ग्रुपवर आलं, मग मावशीकडूनही आलं.

काका, तुमच्यावर राग नाही. पण ज्या माणसाचं गाणं तुम्ही इतक्या जीव लावून म्हणता, त्याच्याबद्दल यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. म्हणून एकेक घेतो.

‘एकच गाणं गायला.’

‘मासूम’ आला १९८३ साली. त्याच्या चौदा वर्षं आधी, १९६९ मध्ये, सत्यजित राय यांच्या ‘गुपी गाइन बाघा बाइन’मध्ये गुपीचा गाता गळा अनुप घोषाल यांचा होता. गोष्ट रायांच्या आजोबांची, उपेंद्रकिशोर रायचौधुरींची. गुपी इतका बेसूर की राजा त्याला गाढवावर बसवून हाकलून देतो. पुढे भुतांचा राजा वर देतो, की तू गायलास की ऐकणारा जागचा हलणार नाही. आता विचार करा. पडद्यावर अख्खं सैन्य गाणं ऐकून थिजतं, हे प्रेक्षकाला पटायला हवं. गुपी झालेले तपेन चटर्जी अभिनय करतील, पण पटवायचं काम गळ्याचं. रायांनी ते ज्याच्यावर सोपवलं तो तेव्हा पंचविशीही न ओलांडलेला तरुण होता.

१९८० मध्ये त्याचाच पुढचा भाग, ‘हीरक राजार देशे’, आला. त्यात रत्नांच्या कोठारात वाघ राखणीला ठेवलेला आहे. गुपीचा जोडीदार बाघा चावी मिळवेपर्यंत गुपीने वाघाला गाण्यात गुंतवून ठेवायचं. ‘पाया पडतो वाघमामा’ अशा अर्थाचं ते गाणं. हेडफोन लावून ऐका. आवाजात भीती आहे, अजिजी आहे, तरी सूर कुठे हललेला नाही. घाबरलेल्या माणसाचं गाणं न घाबरता म्हणायचं, हे किती अवघड आहे ते माईक हातात धरणाऱ्या आपल्या मंडळींना मी सांगायला नको. याच चित्रपटाच्या गाण्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे ‘मासूम’च्या माईकसमोर उभा राहिलेला गायक राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आला होता. आणि १९९२ मध्ये ‘गुपी बाघा फिरे एलो’ आला, तेव्हाही गुपीचा आवाज त्यांचाच.

हे झालं नुसतं चित्रपटांचं. घरी आईकडून चौथ्या वर्षी गाणं सुरू झालं. लहानपणीच आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावर मुलांच्या कार्यक्रमात गायले. पुढे ख्याल, ठुमरी, भजन, रवींद्रसंगीत अशी वर्षानुवर्षांची तालीम. नजरुलगीतावर त्यांनी डॉक्टरेट केली. काझी नजरुल इस्लाम यांची गाणी म्हणजे रागांवर उभं असलेलं फार मोठं भांडार, आपल्या नाट्यसंगीतासारखी ज्याला तालीम लागते अशी गायकी. बंगालमधली हजारो घरं अनुप घोषाल यांना या गाण्यांसाठी ओळखतात. तिथे ‘मासूम’चं नाव नंतर निघतं.

इथेच मला सगळ्यात जास्त लागतं. एखाद्या कोलकात्याच्या माणसाने उद्या लिहिलं, की सुधीर फडके नावाच्या गृहस्थांनी ‘ज्योति कलश छलके’ ही एक चाल बांधली आणि ते गायब झाले, तर आपल्याला काय वाटेल? गीतरामायण ज्याच्या कानात लहानपणापासून आहे त्याच्या पोटात कालवेल. बाबूजींची हिंदीतली गाणी मोजायची आणि मराठीतला डोंगर सोडून द्यायचा! घोषाल यांच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतोय.

‘लताबाईंच्या सावलीत झाकलं गेलं.’

चित्रपटात हे गाणं दोन आवाजांत आहे. चाल राहुलदेव बर्मन यांची, शब्द गुलजारांचे. घोषाल यांचं गाणं पडद्यावर नसीरुद्दीन शाह यांच्या वाट्याचं आहे. ज्या पोराला ‘मी तुझा बाप’ हे सांगता येत नाही, त्याला सोबत घेऊन फिरणारा बाप. त्या बापाला मोठ्याने रडायची सोय नाही, म्हणून आवाजही कुठे चढत नाही. काका, तुम्हीच एकदा प्रॅक्टिसला म्हणाला होतात की ‘हैरान हूँ मैं’ला जोर लावला की गाणं मरतं. बरोबर म्हणाला होतात. जोर न लावण्याची ती अक्कल त्यांची आहे. लताबाईंचं गाणं सुंदरच आहे, पण म्हणून हे झाकलं जात नाही. चाळीस वर्षांनी ठाण्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये आपण म्हणतो ते पुरुषाच्या आवाजातलंच की.

‘काम मिळेना म्हणून राजकारणात शिरला.’

‘मासूम’ १९८३, निवडणूक २०११. मधली अठ्ठावीस वर्षं फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एका ‘म्हणून’मध्ये गिळली. २०११ मध्ये तृणमूल काँग्रेसच्या तिकिटावर ते हुगळी जिल्ह्यातल्या उत्तरपाड्यातून आमदार झाले, तेव्हा वय पासष्टच्या पुढे होतं. त्याच निवडणुकीत डाव्या आघाडीची चौतीस वर्षांची सत्ता गेली. मतदारसंघही सोपा नव्हता. ॲम्बेसेडर गाडीचा कारखाना तिथलाच. त्यांच्याच कार्यकाळात, २०१४ च्या मे महिन्यात, तो बंद पडला. पोखरण रोडला आणि वागळे इस्टेटला भोंगे बंद होताना ज्यांनी पाहिलेत, त्या ठाणेकरांना कारखाना बंद होणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. आमदार म्हणून ते कसे होते, हे उत्तरपाड्याच्या लोकांनी ठरवावं, तो हक्क त्यांचा. पण पोटासाठी गेले, हे लिहायला हातात काही पुरावा हवा, आणि फॉरवर्डमध्ये तो नाही.

‘राजकारणात गेला आणि गाणं संपलं’ हे तर निदान ठाण्यात बसून कुणी पुढे पाठवू नये. ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ लिहिणारे जनकवी पी. सावळाराम याच गावचे नगराध्यक्ष होते. खुर्चीवर बसले म्हणून त्यांची गाणी लग्नघरातून हद्दपार झाली का? आजही मुलीची पाठवणी करताना तेच शब्द आठवतात. आणि भूपेन हजारिका? १९६७ मध्ये अपक्ष म्हणून आसामच्या विधानसभेत निवडून गेले. ‘रुदाली’चं संगीत त्यानंतर पंचवीस वर्षांनी आलं. स्वतः घोषाल यांना आमदार असतानाच, २०१३ मध्ये, पश्चिम बंगाल सरकारने संगीत महासन्मान दिला.

‘कधी गेला, कुणाला कळलंही नाही.’

१५ डिसेंबर २०२३, कोलकाता, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी शोक व्यक्त केला, देशभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली. आपल्याला कळलं नाही, एवढंच खरं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं तेव्हा काकांचा लगेच फोन आला. म्हणाले, “अरे, एवढं कुठे माहीत होतं. मला वाईट वाटलं म्हणून पाठवलं.” मग विचारलं, “ते वाघाचं गाणं कुठे मिळेल?” लिंक पाठवली. रात्री साडेदहाला त्यांचा मेसेज आला: “तिसऱ्यांदा ऐकतोय. शब्द मराठीत लिहून दे, बंगाली वाचता येत नाही.”

आपल्या रविवारच्या यादीत त्या गाण्यासमोर आजवर नुसतं ‘मासूम, मेल व्हॉइस’ असं लिहिलेलं असायचं. या रविवारच्या यादीत काकांनी पूर्ण नाव लिहिलंय.