शून्य कराच्या देशातली एफडी आणि मांडवीचा कट्टा

रत्नागिरीच्या मांडवी जेटीवर आमचा कट्टा भरतो तो साधारण दिवेलागणीला. गेल्या शनिवारी वादाला तोंड फुटले ते एका कागदावरून. बावीस वर्षे दुबईत नोकरी करणारा आमचा मित्र, ज्याला सगळे दुबईकरच म्हणतात, सुट्टीवर आला होता आणि त्याने बँकेचा व्याजाचा दाखला खिशातून काढून तात्यांच्या हातात ठेवला. एनआरओ खात्यातली, म्हणजे परदेशात राहणाऱ्याची इथली कमाई ठेवायच्या खात्यातली, दहा लाखांची मुदत ठेव, वर्षाचे व्याज ७०,००० रुपये आणि त्यातून कापलेला कर २१,८४० रुपये. "मी कर नसलेल्या देशात राहतो, मग हे कशाचे कापले?" हा त्याचा सवाल होता आणि आवाज असा, की जणू ते पैसे तात्यांनीच खिशात घातले असावेत.

तात्यांची हयात बँकेत गेली. त्यांनी दाखला उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "तू राहतोस दुबईत, पण हे व्याज राहते कुठे? रत्नागिरीत." भारतात उगवलेल्या उत्पन्नावर अनिवासी माणसालाही भारतात कर आहे, आणि एनआरओच्या व्याजावर बँक ३० टक्के अधिक उपकर मिळून ३१.२ टक्के कापूनच पैसे जमा करते. हाच पैसा त्याने तिकडून पाठवून एनआरई खात्यात, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या खात्यात, ठेवला असता, तर व्याजाला भारतात कर लागला नसता. पण एनआरओमधला पैसा होता वडिलोपार्जित घराच्या भाड्याचा, म्हणजे इथल्याच कमाईचा, आणि तो एनआरईत न्यायचा तर त्यावरचा कर भरल्याचे आधी बँकेला दाखवावे लागते.

दुबईकर इतक्यात ऐकणारा नव्हता. त्याचे म्हणणे, आणि ते खोटेही नव्हते, की संयुक्त अरब अमिरातीत माणसाच्या पगारावर, ठेवीच्या व्याजावर, लाभांशावर किंवा फ्लॅट विकून झालेल्या नफ्यावर प्राप्तिकर नाही. १ जून २०२३ पासून तिथे ९ टक्के कंपनी कर सुरू झाला, पण तो धंद्याच्या ३,७५,००० दिरहमांवरच्या नफ्यावर आहे आणि व्यक्तीची स्वतःची गुंतवणूक त्यातून वगळली आहे. दुबईत फ्लॅट घेताना नोंदणीला ४ टक्के द्यावे लागतात, २०१८ पासून खरेदीवर ५ टक्के व्हॅट आहे, हे त्याने स्वतःहून कबूल केले. मात्र गुंतवणुकीला शून्य म्हणजे शून्य, यावर तो ठाम होता.

तेव्हा तात्यांनी त्याला विचारले, की त्याने मोबाइलवरून घेतलेल्या अमेरिकन शेअर्सचा लाभांश पूर्ण येतो का. तो थोडा गप्प झाला. अमेरिका परदेशी माणसाच्या लाभांशातून मुळातच ३० टक्के कापते, आणि अमेरिकेचा अमिरातीशी प्राप्तिकराचा करार नसल्यामुळे दुबईत राहणाऱ्याला त्यात सवलत मिळत नाही. भारतात राहणाऱ्याला करारामुळे तोच दर २५ टक्के पडतो. त्याने पुढे इथे आणखी कर भरायचा असतो हे खरे, पण त्या कापणीपुरते पाहिले तर शून्य कराच्या देशात राहून आमच्या मित्राचे पाच टक्के जास्तच गेले. मला यात थोडी गंमत वाटली. त्याला अर्थातच वाटली नाही.

मध्येच आमचे भाऊ बोलले. भाऊंची हापूसची बाग पावसच्या बाजूला आहे. त्यांचे म्हणणे, की शेतीच्या उत्पन्नाला भारतात प्राप्तिकर नाही, तर कमी कराच्या देशात आपणही राहतो, फक्त विमानाचे तिकीट काढावे लागत नाही. तात्या म्हणाले, "आंब्याला नाही. पण पेट्या विकून आलेला पैसा बँकेत ठेवलास की व्याज तुझ्या उत्पन्नात धरतात. सूट बागेला आहे, पैशाला नाही. याचेही तेच झाले आहे."

मग मुद्दा कामाच्या गोष्टीवर आला. भारत आणि अमिराती यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे आणि त्यात अशा व्याजावर १२.५ टक्क्यांची मर्यादा आहे. दुबईतून कर-रहिवासाचा दाखला आणून तो दहा-एफ या फॉर्मसह बँकेला आधीच दिला असता, तर २१,८४० ऐवजी ८,७५० रुपये कापले गेले असते. आणि दाखला नसला तरी, दुबईकराचे भारतातले सगळे उत्पन्न, भाडे आणि व्याज मिळून, प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीतल्या चार लाखांच्या करमुक्त मर्यादेखाली असल्यामुळे, विवरणपत्र भरले तर कापलेले सगळेच परत मिळते. त्याने ते आजवर कधी भरलेले नव्हते. कर नसलेल्या देशातल्या माणसाने विवरणपत्र कशाला भरायचे, असे त्याला कोणीतरी विमानतळावर सांगितले होते म्हणे.

इथे तात्यांनी एक खाच दाखवली, जी मलाही नवी होती. ही चार लाखांची मोकळी जागा अनिवासी माणसाला व्याजासाठी वापरता येते, पण शेअर्सच्या भांडवली नफ्यासाठी नाही. नोंदणीकृत शेअर वर्षभरानंतर विकले, तर सव्वा लाखाच्या वर जो नफा असेल, त्याच्या पहिल्या रुपयापासून १२.५ टक्के कर. म्युच्युअल फंडाच्या युनिट्सबद्दल मात्र करारात शेअर्ससारखी तरतूद नाही, म्हणून तो नफा भारतात करपात्र नाही, असा निवाडा न्यायाधिकरणांनी करदात्यांच्या बाजूने दिलेला आहे. पण त्यासाठीही तोच रहिवासाचा दाखला लागतो.

जहाजावरच्या दादाने २०२० सालची आठवण काढली, अर्थसंकल्पानंतर आखातातल्या लोकांचे फोन कसे खणखणले होते त्याची. कुठेच कर न भरणाऱ्या भारतीय नागरिकाला भारताचा रहिवासी मानण्याची ती तरतूद होती. दुसऱ्याच दिवशी सरकारने खुलासा केला, की नोकरीसाठी आखातात गेलेल्यांच्या तिथल्या कमाईवर डोळा नाही, आणि कायदा झाला तेव्हा त्यात भारतातल्या १५ लाखांवरच्या उत्पन्नाची अट आली. दुबईकर त्या अटीच्या कितीतरी अलीकडे आहे.

त्याची खरी काळजी वेगळीच निघाली. पुढच्या वर्षी तो कायमचा परत येणार आहे आणि कोणीतरी त्याला गणपतीला न येता ऑक्टोबरात ये, म्हणजे त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस भरणार नाहीत आणि तू भारताचा रहिवासी ठरणार नाहीस, असा सल्ला दिला आहे. तात्यांनी पासपोर्ट मागितला आणि गेल्या चार वर्षांतल्या मे महिन्याच्या व गणपतीच्या फेऱ्यांचे शिक्के पाहत दिवस मोजले. एकूण २३६ निघाले, म्हणजे ३६५ च्या आतच, त्यामुळे साठच दिवसांत रहिवासी ठरवणारा दुसरा नियम त्याला लागत नाही. शिवाय इतकी वर्षे अनिवासी असलेला माणूस परतल्यावर साधारण पहिली दोन वर्षे 'सर्वसाधारण नसलेला रहिवासी' राहतो आणि तेवढ्या काळात दुबईतल्या ठेवीच्या व्याजावर भारतात कर नाही. एनआरई खाते मात्र आल्याबरोबर बँकेला कळवून बदलून घ्यावे लागेल, कारण कायमचे परतल्यावर त्याच्या व्याजाची सूट संपते. ते गुपचूप चालू ठेवायचा त्याचा बेत होता; तात्यांनी तो तिथेच मोडला.

"म्हणजे गणपतीला येऊ?" त्याने विचारले.

"ये. आणि सोमवारी ते दाखले घेऊन माझ्या घरी ये, विवरणपत्राची मुदत जवळ आली आहे."