घेताना किलो, विकताना टंच

आमच्या आतेभावाची मुदत ठेव पिकली आणि त्याच आठवड्यात त्याने घरच्या गटावर एक मजकूर पाठवला. तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. थोडक्यात असा: बँकेत पैसा कुजतो, चांदीच्या विटा घ्या. चांदी पाच वर्षांत दुप्पट होतेच. जीएसटी किरकोळ आहे, विकताना पुरता भाव मिळतो. शुद्धता घरच्या घरी चुंबक आणि बर्फाने कळते. पलंगाच्या खणात ठेवा, नाहीतर लॉकरमध्ये; लॉकरमध्ये ठेवली की जबाबदारी बँकेची. अडचण आली तर विटेवर तासाभरात कर्ज. शिवाय चांदीवर सरकारचा डोळा नाही. खाली हात जोडलेले आणि "दहा जणांना पाठवा".

खाली त्याचा प्रश्न होता, "ताई, चार किलो घेऊ का?"

मी इंदूरच्या एका बँकेत तीस वर्षे काढली, त्यातली शेवटची अकरा लॉकरच्या खोलीच्या दाराशी. चांदीचे माझे काही वाकडे नाही, माझ्याकडेही आहे. पण हा मजकूर पुन्हा वाचून पाहा. सगळी वाक्ये घेण्याच्या दिवसाची आहेत, विकण्याच्या दिवसाचे एकही धड नाही.

"पाच वर्षांत दुप्पट" हे पहिले. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेत चांदी औंसाला (साधारण ३१ ग्रॅमला) ५० डॉलरच्या आसपास गेली. तेलाच्या धंद्यातल्या धनाढ्य हंट बंधूंनी उधारीवर साठा करून भाव चढवला होता. २७ मार्चला, दोन-सव्वादोन महिन्यांत, ती ११ डॉलरच्या खाली आली. २०११ च्या एप्रिलमध्ये पुन्हा पन्नाशीच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परतली. तो उंबरठा तिने खऱ्या अर्थाने ओलांडला ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी. डॉलर राहू द्या, आपल्या रुपयांत पाहा. एप्रिल २०११ मध्ये किलोला ७० हजारांवर गेलेली चांदी २०१५ संपताना ३३-३४ हजारांवर होती. तो जुना आकडा परत दिसला ऑगस्ट २०२० मध्ये. माझ्या खिडकीसमोर २०११ सालची बिले घेऊन बसलेली माणसे मी पाहिली आहेत. मुलीचे लग्न २०१५ मध्ये ठरले, तर चांदी २०२० पर्यंत थांब म्हणते.

मजकुरात याला जोडून सौर पॅनेलांचा दाखला होता: कारखान्यांना चांदी हवी, खाणी अपुऱ्या, म्हणून भाव पडणे अशक्य. यातले अर्धे खरे आहे. जगातल्या चांदीच्या मागणीत उद्योगांचा वाटा निम्म्याहून जास्त आहे, आणि बहुतेक चांदी शिसे, जस्त, तांबे यांच्या खाणीतून जोडीने निघते, त्यामुळे भाव चढला म्हणून उत्पादन लगेच वाढत नाही. पण चांदी महागली की कारखानदार ती कमी वापरायच्या वाटा शोधतो, आणि घराघरांतले तोडे-पैंजण मोडीत निघून बाजारात येतात. फोटोच्या फिल्ममध्येही एके काळी चांदीचा मोठा खप होता. डिजिटल कॅमेरा आला आणि तो खप ओसरला. "अशक्य" हा शब्द त्या वाक्यातून काढला, तर उरलेल्याशी माझे भांडण नाही.

आता खरा मुद्दा, "विकताना पुरता भाव". हिशेब सोपा जावा म्हणून किलोचा भाव एक लाख धरू. घेताना ३ टक्के जीएसटी, म्हणजे तीन हजार. तो विकताना परत मिळत नाही. शंभर-शंभर ग्रॅमच्या सीलबंद लगडी घेतल्या तर पाकिटाचे, छापाचे वर काही द्यावे लागते. दोन हजार धरा. हातून गेले एक लाख पाच हजार. विकायला गेलात की दुकानदार त्या दिवसाच्या भावापेक्षा थोडा कमी भाव धरतो, कारण त्यालाही तुमची वीट तपासून पुढे खपवायची आहे. दोन टक्के धरले, तरी तुमची मुद्दल सुटायला भाव एक लाख सात हजारांच्या वर जावा लागतो. सात टक्के म्हणजे मुदत ठेवीचे साधारण वर्षभराचे व्याज. ते पहिले वर्ष चांदी तुमच्यासाठी धावत नाही, दुकानासाठी धावते.

आणि हे विटेचे झाले. ताट, समई, निरांजन, पैंजण यांत घडणावळ वेगळी, आणि ती मोड देताना शून्य. त्यात पुन्हा टंच, म्हणजे शंभरात शुद्ध चांदी किती ते. इंदूरच्या वर्तमानपत्रात भाव वेगवेगळे छापून येतात: चांदी चौरसा (म्हणजे शुद्ध चांदी), चांदी टंच, सिक्का. आपण वाचतो पहिला, आणि विकायला नेतो भलतेच. पैंजणाचा टंच साठ-सत्तर निघाला तरी सराफ्यात कोणी भुवई उंचावत नाही. किलोभर पैंजण म्हणजे किलोभर चांदी नव्हे, हे आजीला माहीत होते, आपण विसरलो. चांदीला हॉलमार्क आहे, १ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर सोन्यासारखा सहा अक्षरी-अंकी क्रमांकही मिळतो, पण चांदीसाठी तो ऐच्छिक आहे. म्हणजे तुम्ही मागितला नाही तर दुकानदाराने द्यायलाच हवा असे नाही. मागा.

शुद्धतेच्या घरगुती चाचण्यांबद्दल. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे बरोबर. तांबे, पितळ, शिसे तरी कुठे चिकटते? चुंबकाने फक्त लोखंड घालणारा बावळट चोर पकडला जातो. बर्फाचे तेच. चांदीवर बर्फ झरझर वितळतो, कारण उष्णता वाहून नेण्यात ती सगळ्या धातूंत पहिली. पण दुसरे तांबे, आणि अगदी लगोलग. आतून तांबे नि वरून चांदीचा मुलामा असलेल्या लगडीवरही बर्फ तितक्याच आनंदाने वितळेल.

त्यापेक्षा आर्किमिडीजला घरी बोलवा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करा. अर्ध्या किलोची लगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला वा कडेला टेकू देऊ नका. चांदीची घनता १०.४९, तेव्हा काटा ४८ ग्रॅमच्या आसपास दाखवील. तांबे असेल तर ५६, शिसे असेल तर ४४. जर्मन सिल्व्हर असेल तर ५७-५८, आणि त्या नावात सिल्व्हर असले तरी धातूत चांदीचा कणही नसतो, ते तांबे-निकेल-जस्त. ही चाचणी पोकळ मूर्तीला किंवा आत लाखेचा भराव असलेल्या दांडीला लागू नाही, आणि शिसे-कथलाचे प्रमाण जमवून घनता जुळवणारा कलाकारही भेटू शकतो. दुकानातले क्ष-किरणांचे यंत्रही वरचा पापुद्राच वाचते, त्यामुळे जाड मुलामा त्यालाही चकवतो. म्हणून मोठ्या विटेला बारीक भोक पाडून आतला भुगा तपासतात. तुम्ही चारचौघांत नाव असलेल्या रिफायनरीची लगड पक्क्या बिलावर घेतलीत आणि पाकीट फोडले नाहीत, तर ही सगळी सर्कस टळते. पाकीट फाडून, हाताळून, देवघरात पूजा करून नेलेली लगड ही विकताना नुसता पांढरा धातू असते.

"काळी पडली म्हणजे भेसळ" असेही एक वाक्य होते. चूक. ९९९, म्हणजे ९९.९ टक्के शुद्ध चांदीही काळी पडते. हवेतल्या गंधकाशी तिचे जमते, तो काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्राचा कागद यांत गंधक असते, आणि आपण नेमके त्यातच गुंडाळतो. जाड प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. काळा थर आला म्हणून भाव उतरत नाही. घासल्याने मात्र वजन उतरते, रांगोळीने घासणाऱ्या घरांत तर दर दिवाळीला थोडे थोडे.

आता साठवण, माझ्या जिव्हाळ्याचा विषय. सराफ्यात रात्री दुकाने मिटली की त्याच ओट्यांवर गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस सुरू होतो. जुने लोक कारण सांगतात ते असे, की मध्यरात्रीपर्यंत माणसांची वर्दळ राहिली म्हणजे पेढ्यांची राखण आपोआप होते. धंदेवाईक लोकांनी आपली चांदी सांभाळायला अख्खी गल्ली जागी ठेवली, आणि आपला मजकूर म्हणतो पलंगाच्या खणात ठेवा. चोराला चार किलो नेणे जड नाही. एक किलो चांदी ९५ घनसेंटिमीटरची असते, मुठीत मावते. जड होते ते तुम्हाला, कारण सोन्याच्या तुलनेत ती जागा खाते. एका ग्रॅम सोन्याला ऐंशी ग्रॅम चांदी असा भाव धरला, तर तेवढ्याच पैशांच्या चांदीला सोन्याच्या दीडशेपट जागा लागते. लहान लॉकर भरायला वेळ लागत नाही.

आणि लॉकर म्हणजे "जबाबदारी बँकेची" नव्हे. आत काय ठेवले हे बँकेला ठाऊक नसते, विचारायचा हक्कही नसतो. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँक फार तर वार्षिक भाड्याच्या शंभरपट देते. भाडे तीन हजार असेल तर तीन लाख, आत दहा लाखांच्या विटा असल्या तरी. पूर, भूकंप, वीज पडणे यांत तेही नाही. घराचा विमा असेल तर त्यात दागिन्यांबरोबर विटाही धरल्यात का, ते ओळीन् ओळ वाचा. प्रत्येक लगडीचा क्रमांक, फोटो आणि बिल लॉकरबाहेर ठेवा. आमच्याकडे लोक बिलेही लॉकरातच ठेवायचे.

त्याहून वाईट मी काय पाहिले असेल, तर गेलेल्या माणसाचा लॉकर उघडायला आलेली मुले. कोणाचे नाव लावलेले नाही, किल्ली सापडत नाही, बाहेर बाकावर दोन भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसलेले. १ नोव्हेंबर २०२५ पासून लॉकरला चारपर्यंत नामनिर्देशन करता येते, एकामागून एक या क्रमाने. अर्धा तास लागतो.

विटेवर कर्ज? नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये चांदीवरच्या कर्जाला नियम घालून दिले, पण ते दागिन्यांना आणि नाण्यांना: दागिने १० किलोपर्यंत, नाणी ५०० ग्रॅमपर्यंत. विटा आणि लगडी त्यातून बाहेर. म्हणजे गुंतवणूक म्हणून सगळ्यात सोयीचा जो प्रकार, तोच अडीअडचणीला तारणात चालत नाही.

सरकारचा डोळा नाही, हे तर हसण्यावारी नेण्यासारखे. २४ महिन्यांच्या आत विकली तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून कर, त्यानंतर साडेबारा टक्के. दोन लाख किंवा जास्त रोख एका व्यवहारात स्वीकारायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा "रोखीत घे, दोनशे सूट देतो" म्हणणारा दुकानदार तुमचे बिलही बुडवतो आहे, आणि बिल नसेल तर उद्या खरेदीची किंमत दाखवायची कशी? आयकराच्या धाडीत सोडून द्यायचे जे ५०० ग्रॅम वगैरे आकडे फिरतात, ते १९९४ च्या सूचनेतले आणि सोन्याच्या दागिन्यांचे आहेत.

मग कागदावरची चांदी घ्यावी का, हे आतेभावाने विचारलेच. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे चांदीचे ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात चालणारे फंड, आहेत. घडणावळ नाही, लॉकर नाही, टंच नाही. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये बाजारात चांदीचीच टंचाई झाली, हे ईटीएफ आपल्यातल्या चांदीच्या मूल्यापेक्षा बरेच वर चालू लागले, आणि काही फंडांनी एकरकमी पैसे घेणे थांबवले. त्या आठवड्यात घाईने घेणाऱ्यांनी हातातल्या चांदीसारखाच वरकड भाव मोजला. मी त्याला सांगितले, चार किलो नको, एक घे, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोन सीलबंद, बँकेतून पैसे देऊन. बाकी ठेव पुन्हा लाव.

"आणि आजीचे राणीछाप रुपये? ते तर शंभर टक्के चांदी ना?"

तो डबा घेऊन रामबागेत माझ्याकडे आला. आम्ही रुपये जेवणाच्या टेबलावर ओतले आणि सालवार लावले. बादशाही रुपया ११.६६ ग्रॅमचा, पण शुद्ध चांदी ९१.७ टक्के. १९४० पासून सरकारने ती निम्म्यावर आणली, वजन तेच ठेवले. त्याच्या डब्यातले निम्म्याहून जास्त रुपये १९४० ते १९४५ चे निघाले. चार होते १९४७ चे, मागे वाघ असलेले. त्यांच्यावर मी फ्रिजवरचे चुंबक धरले आणि चारही टकाटक चिकटले. निकेलचे. चुंबकाचा एवढा एक उपयोग मी मान्य केला.

सगळ्यात खाली एक झिजलेला, वाकड्या काठाचा रुपया होता, त्यावर सूर्याचा चेहरा. होळकरांच्या मल्हारनगरच्या टांकसाळीचा. हा आटणीत घालू नको, म्हटले, आधी जुनी नाणी जाणणाऱ्याला दाखव. त्याने बाकीचे डब्यात भरले. तो एक मात्र शर्टाच्या खिशात टाकला आणि जिना उतरेपर्यंत दोनदा चाचपून पाहिला.