हीमॅन कुणाला मारतच नाही

पन्नाशीला टेकलेल्या कोणत्याही मामाला आपल्या लहानपणीचे सुपरहिरो भाचरांना दाखवण्याची हुक्की केव्हा ना केव्हा येतेच. माझ्या भाचीसमोर मी १९८३ सालचे 'हीमॅन' हे कार्टून लावले आणि पहिला भाग संपायच्या आतच माझी उलटतपासणी सुरू झाली.

"मामा, राजपुत्र अॅडम हाच हीमॅन, हे त्याच्या बाबांना कसं कळत नाही?" चेहरा तोच, केसांची ठेवण तीच, फक्त आवाज घोगरा आणि अंगावरचे बरेचसे कपडे गायब, एवढ्यावर अख्खे राज्य फसते. (आईला मात्र संशय असावा असे एका भागात दिसते, आया सगळीकडे सारख्याच.) त्यातच खर्च वाचवण्यासाठी हे कार्टून काढणाऱ्या फिल्मेशन कंपनीने धावण्या-वळण्याची चित्रे एकदा काढून १३० भागांत पुन्हापुन्हा वापरलेली असल्यामुळे, तिसऱ्या भागापासून भाची "आता मूठ वळणार, आता उडी मारणार" असे धावते समालोचन करू लागली.

खरी पंचाईत पुढेच होती. हीमॅन कुणाला मारतच नाही, हे तिने हेरले. त्या काळी अमेरिकेत मुलांच्या कार्टूनमधल्या मारामारीवर पालकसंघटनांची करडी नजर असे. त्यामुळे गुद्दे खायचे ते यंत्रमानवांनी आणि खडकांनी, जिवंत खलनायकाला मात्र अलगद उचलून चिखलात टाकायचे. "मग एवढी मोठी तलवार कशाला?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की मॅटेल कंपनीची हीमॅनची खेळणी १९८२ मध्येच बाजारात आली होती आणि तलवार त्यांच्यासोबत विकली जात होती, पण ते देण्याचा मला धीर झाला नाही. शेवटी पात्रांनी पडद्यावरून तात्पर्य सांगायला सुरुवात केली, तेव्हा तिने संशयाने विचारले, "हे आमच्या शाळेने पाठवलंय का?"

तेव्हा मी मोर्चा 'सुपरमॅन ३' कडे वळवला. त्यात विनोदी नट रिचर्ड प्रायर कृत्रिम क्रिप्टोनाइट (सुपरमॅनला दुबळा करणारा पदार्थ) बनवताना एक घटक ओळखू येत नाही म्हणून सिगारेटच्या पाकिटावर वाचून खुशाल 'टार' दडपून देतो, आणि त्या भेसळीने बिघडलेला सुपरमॅन पिसाचा मनोरा सरळ करतो, ऑलिम्पिकची ज्योत फुंकर मारून विझवतो. भाची प्रथमच खूश झाली. "हाच चांगला आहे, हाच ठेवा," असा निकाल देऊन तिने भंगारखान्यातल्या हाणामारीत खुद्द क्लार्क केंटच्या, म्हणजे सुपरमॅनच्याच चष्मेवाल्या सज्जन रूपाच्या विरुद्ध आरडाओरडा केला, आणि तो जिंकल्यावर रुसून बसली.

राहता राहिला चष्मा. नुसता चष्मा काढला की माणूस ओळखू येत नाही, हे तिला काही केल्या पटेना, म्हणून तिने माझाच चष्मा ओढून काढला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारले, "आजी, सांग, हा कोण?"

"हाका मारून मारून माझा घसा बसला तरी जेवायला न उठणारा," आईने न बघताच ओळखले.