मुद्दाम हरण्याचे शहाणपण: एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने मला एक लांबलचक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एवढेच विचारले, ‘मामा, हे खरं आहे का?’ तो पंधरा वर्षांचा आहे, नागपुरात एका क्लबकडून बास्केटबॉल खेळतो, आणि त्याच्या संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मजकूर तोवर तीन जणांनी टाकून झाला होता. मजकुराचा आशय असा. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये हुशार संघ हंगामाच्या उत्तरार्धात मुद्दाम हरतात, याला तिकडे टँकिंग म्हणतात. शेवटचा क्रमांक आला की ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला हक्क मिळतो. फिलाडेल्फियाने असेच साम्राज्य उभे केले. यात खेळाडूंचा दोष नसतो आणि नुकसान कोणाचेच होत नाही. ड्राफ्टचे नियम कितीही बदलले तरी फरक पडत नाही, म्हणून आयपीएलनेही असाच ड्राफ्ट आणावा. आणि सर्वांत शेवटी, ठळक अक्षरांत: ‘आपल्या मुलांनाही कधी हरायचे ते शिकवा.’

भाच्याला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आले असते. परंतु हाच मजकूर दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर, अनेक वर्षे पंच म्हणून काम केलेल्या गृहस्थांनी ‘विचार करण्यासारखे’ असा शेरा मारून टाकला, तेव्हा सविस्तर लिहिणे भाग पडले.

शेवटच्या संघाला पहिला हक्क मिळतो, हे विधान एनबीएपुरते सरळ चुकीचे आहे. 1984 पर्यंत पूर्व आणि पश्चिम विभागांतल्या तळाच्या दोन संघांमध्ये नाणेफेक होत असे. 1985 पासून सोडत आहे. यंत्रात पिंगपाँगचे 14 चेंडू फिरतात, त्यांतले चार बाहेर येतात, आणि त्या चार आकड्यांच्या 1000 जुळण्या संघांमध्ये आधीच वाटून दिलेल्या असतात. 2019 पासून तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी 140 जुळण्या मिळतात, म्हणजे 14 टक्के संधी. त्या वर्षापासून 2025 पर्यंतच्या सात सोडतींत शेवटच्या क्रमांकाच्या संघाला पहिली निवड एकदाही मिळालेली नाही. डेट्रॉइटचा संघ 2023 आणि 2024 अशी सलग दोन वर्षे तळाला होता आणि दोन्ही वेळा निवडीत पाचव्या क्रमांकावर ढकलला गेला. 2025 मध्ये तळाच्या युटाचेही तेच झाले, तर अवघी 1.8 टक्के संधी असलेल्या डॅलसने पहिला क्रमांक पटकावून कूपर फ्लॅगला घेतले. मजकूर लिहिणाऱ्याने एका सोडतीचा निकाल जरी पाहिला असता, तरी हे वाक्य लिहायला त्याचा हात धजावला नसता.

फिलाडेल्फियाच्या साम्राज्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. संघाचे सरव्यवस्थापक सॅम हिंकी यांच्या कारकिर्दीत 2013 पासूनच्या तीन हंगामांत 82 पैकी अनुक्रमे 19, 18 आणि 10 सामने जिंकले गेले. त्यांतून जोएल एम्बीडसारखा थोर खेळाडू मिळाला हे खरे. मात्र त्यानंतर 2025 पर्यंत तो संघ प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीपलीकडे एकदाही गेलेला नाही. याउलट 2021 च्या विजेत्या मिलवॉकीचा यानिस अँटेटोकुन्पो 15 व्या क्रमांकावर निवडला गेला होता आणि 2023 च्या विजेत्या डेन्व्हरचा निकोला योकिच 41 व्या. सॅन अँटोनियोला 1997 मध्ये टिम डंकन मिळाला तो 62 सामने हरलेल्या हंगामानंतर, आणि 2025 च्या विजेत्या ओक्लाहोमा सिटीनेही आधी दोन हंगाम तळाजवळ काढले होते, एवढे मात्र मान्य करावे लागेल. हरण्याचा कधीच फायदा होत नाही, असे माझे म्हणणे नाही. फायदा होतो म्हणून तर हा सगळा प्रश्न आहे.

खेळाडू मुद्दाम हरत नाहीत, हे अर्धे सत्यही मी जड मनाने मान्य करतो. मैदानावरचा मुलगा जीव तोडूनच खेळतो, कारण त्याचा पुढचा करार त्याच्या खेळावर ठरतो, आणि पुढच्या वर्षी येणारा नवा खेळाडू कदाचित त्याचीच जागा घेणार असतो. हरण्याचा निर्णय वरच्या मजल्यावर होतो आणि मैदानावर तो फक्त खेळाडूंच्या यादीतून दिसतो. 7 एप्रिल 2023 चा डॅलस विरुद्ध शिकागो हा सामना पाहा. डॅलसला प्लेऑफच्या शर्यतीत येण्याची संधी अजून शिल्लक होती. तरीही कायरी अर्व्हिंगसह अनेक प्रमुख खेळाडूंना विश्रांती देण्यात आली, आणि लुका डोन्चिचला पहिल्या सत्रानंतर लगेचच बाकावर बसवण्यात आले. उरलेली पोरे इमानाने झुंजली आणि संघ तीन गुणांनी हरला. कारण साधे होते: डॅलसची त्या वर्षीची निवड पहिल्या दहांत आली तरच त्यांच्याकडे राहणार होती, अन्यथा जुन्या व्यवहारापोटी ती न्यूयॉर्कला द्यावी लागणार होती. लीगने साडेसात लाख डॉलरचा दंड केला. डॅलसने तो भरला, दहावी निवड राखली, तिच्या अदलाबदलीतून डेरेक लाइव्हली हा उंचापुरा सेंटर मिळवला आणि पुढच्याच वर्षी अंतिम फेरी गाठली. अशा सौद्यात दंड हा नुसता खर्चाचा एक रकाना ठरतो.

आता मजकुरातल्या सर्वांत निर्बुद्ध, आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त टाळ्या मिळालेल्या मुद्द्याकडे येतो: नियम बदलून काही होत नाही. हे नुसते मत असते तर सोडून दिले असते. पण याची तपासणी झालेली आहे. बेक टेलर आणि जस्टिन ट्रॉग्डन या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये ‘जर्नल ऑफ लेबर इकॉनॉमिक्स’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी एनबीएचे तीन हंगाम निवडले, आणि निवड मोठी मार्मिक होती, कारण तिन्ही हंगामांत ड्राफ्टचा नियम वेगळा होता. 1983-84 मध्ये तळाला जाणे थेट लाभाचे होते. ह्यूस्टनवर मुद्दाम हरल्याचा संशय घेतला गेला तो याच हंगामात, ज्यानंतर नाणेफेक जिंकून त्यांनी हकीम ओलाजुवानला घेतले. 1984-85 मध्ये प्लेऑफबाहेरच्या सातही संघांना समान संधीची सोडत आली, म्हणजे खालून दुसरे असा की सातवे, चिठ्ठी सारखीच. 1989-90 मध्ये वजनदार सोडत आली, जितके जास्त हराल तितक्या जास्त चिठ्ठ्या. संघांची ताकद आणि घरच्या मैदानाचा फायदा हिशेबात धरूनही असे दिसले की पहिल्या हंगामात प्लेऑफमधून बाद झालेले संघ, प्लेऑफ नक्की झालेल्या संघांच्या तुलनेत, सुमारे अडीच पट अधिक हरण्याच्या शक्यतेत होते. समान संधीच्या वर्षी हा फरक नाहीसा झाला. वजनदार सोडत येताच तो परतला.

माणसे तीच, खेळ तोच, चेंडू तोच. बदलला तो फक्त हरण्याचा मोबदला, आणि त्याबरोबर हरणेही बदलले. तरीही कोणी ‘हरणारा हरणारच’ म्हणत असेल, तर त्याने निदान हा निबंध चुकीचा का आहे ते सांगावे.

2019 चा बदल पुरेसा ठरला नाही, हे मात्र मी लपवणार नाही. तळाच्या तिघांना सारखीच संधी दिल्यामुळे अगदी शेवटचे येण्याची धडपड कमी झाली, पण चौथ्या-पाचव्या जागेवरून तिसऱ्या जागेकडे घसरण्याचा मोह शिल्लक राहिला, आणि डॅलसच्या उदाहरणातल्या अटींच्या व्यवहारांना तर या बदलाने हातही लावलेला नाही. शिवाय जो संघ खरोखरच दुबळा आहे, डेट्रॉइटसारखा एका हंगामात सलग 28 सामने हरलेला, त्याच्यावर सोडतीत अन्याय होतो. म्हणून अर्धवट बदल करून थांबण्याऐवजी अमेरिका-कॅनडातल्या महिलांच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगकडे, म्हणजे पीडब्ल्यूएचएलकडे, पाहावे. तिथे प्लेऑफमधून बाद झाल्यानंतर संघ जे गुण मिळवतो, त्यांवर ड्राफ्टचा क्रमांक ठरतो. दुबळा संघ लवकर बाद होतो, त्यामुळे त्याला गुण मिळवायला जास्त सामने मिळतात. मात्र ते सामने त्याला जिंकावेच लागतात. मला ही रचना आजवरची सर्वांत शहाणी वाटते, जरी बाद होईपर्यंतचे सामने ढिले सोडण्याचा मोह तिच्यातही उरतोच.

आयपीएलविषयी एकच वाक्य: तिथे लिलाव असतो, सर्व संघांना खर्चाची मर्यादा सारखी असते आणि तळाला राहिल्याचे कोणतेही बक्षीस नसते, त्यामुळे जो रोग तिथे नाही तो औषध म्हणून मागवण्याचे कारण मला कळत नाही.

राहिले ‘कोणाचेच नुकसान होत नाही’ हे वाक्य. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिला दुहेरीच्या चार बॅडमिंटन जोड्या, बाद फेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून, सर्व्हिस मुद्दाम जाळ्यात मारू लागल्या. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि दुसऱ्या दिवशी आठही खेळाडू अपात्र ठरल्या. त्याच स्पर्धेत ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा तीनपैकी दोन सामने जिंकूनही गुणफरकाने बाहेर पडल्या. त्यांच्या गटातल्या जपान-तैपेई सामन्याबद्दल भारताने तक्रार केली आणि ती फेटाळली गेली. जपानने काही गैर केले, असे सिद्ध झालेले नाही. पण दुसऱ्याच्या सामन्यावर जिचे नशीब टांगलेले असते, ती तिसरी जोडी कशी असते, ते यातून समजावे. त्यानंतर जागतिक बॅडमिंटन महासंघाने काय केले? गटातल्या दुसऱ्या क्रमांकांसाठी नव्याने सोडत काढण्याचा नियम आणला, म्हणजे हरून प्रतिस्पर्धी निवडण्याची सोयच काढून टाकली.

हे सगळे भाच्याला सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. त्यांच्या पुढच्या स्पर्धेत गटात पहिले आले की उपांत्यपूर्व फेरीत गतविजेत्यांशी गाठ पडते आणि दुसरे आले की सोपा संघ मिळतो. त्यामुळे शेवटच्या साखळी सामन्यात उंच मुलांना बसवायचे, असे ग्रुपवर ठरू लागले होते. मी त्याला म्हटले, ‘तुम्ही खेळा, मी आयोजकांशी बोलतो.’ गटातल्या दुसऱ्या क्रमांकांसाठी बॅडमिंटनसारखी सोडत ठेवा, चिठ्ठ्या मी घरून करून आणतो, असे मी आयोजकांना फोनवर सुचवले. कल्पना चांगली आहे, असे ते म्हणाले, पण कार्यक्रमपत्रिका छापून झाली आहे.