'विषाणू सगळ्यांनाच असतो, मग कर्करोग कसा?' या फॉरवर्डला उत्तर

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत बायकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरणाऱ्या मजकुराचा मथितार्थ असा: एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू) सगळ्यांच्याच अंगात असतो, कर्करोगाची गोष्ट लस खपवायला रचली, लशीने मुली वांझ होतात, सात जणी दगावल्या, आणि इस्पितळातली तपासणी म्हणजे नुसतं विनागर (व्हिनेगर) लावणं.

'सगळ्यांनाच असतो.' अर्धं खरं. बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी गाठतो आणि दहांतल्या नऊ जणींच्या शरीरातून दोनेक वर्षांत निघूनही जातो. घात करतो तो मुक्काम ठोकणारा, त्यातही १६ आणि १८ हे प्रकार. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे हे दोघेच. त्यांचं ई६ प्रथिन पेशीतलं पी५३ हे राखणदार प्रथिन मोडतं, ई७ प्रथिन आरबी या दुसऱ्या राखणदाराला निकामी करतं. बिघडलेल्या पेशीला आवरणारे दोन्ही ब्रेक गेले. पुढे गाठ व्हायला बहुधा १५-२० वर्षं लागतात, म्हणून विशीतला संसर्ग चाळिशीत कुणाला आठवत नाही.

'लस खपवायला.' जर्मन विषाणूतज्ज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना गाठींमध्ये हे प्रकार सापडले १९८३-८४ साली. लस आली २००६ मध्ये!

'वांझ होतात.' लशीत विषाणूचा डीएनएच नसतो, असतात त्याच्या कवचातल्या एल१ प्रथिनाची पोकळ टरफलं. त्यांनी वांझपण येत नाही. टोचल्यावर काही मुलींना भोवळ येते, म्हणून १५ मिनिटं बसवून ठेवतात.

'सात जणी दगावल्या.' हे मृत्यू आंध्र आणि गुजरातमधल्या मुलींना ही लस देण्याच्या प्रकल्पातले. तो २०१० मध्ये थांबवला गेला. चौकशीत सर्पदंश, बुडणं, कीटकनाशक अशी कारणं निघाली. मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्या, हा दोष मात्र खरा, आणि तो लपवायचं कारण नाही.

आता विनागर. माडाच्या सुरेचं भरणीतलं नव्हे. ५ मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ९५ मिली शुद्ध पाण्यात, रोज ताजं. तीव्र ॲसिड तसंच लावलं तर भाजतं, फार पातळ झालं तर डाग उमटत नाही. कापसाने गर्भाशयमुखावर लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं. घाईत इथेच चूक होते. गर्भाशयमुखाच्या आतल्या-बाहेरच्या आवरणांच्या सीमेला चिकटून दाट, ठळक कडेचा पांढरा डाग दिसला तर तपासणी पॉझिटिव्ह. म्हणजे कर्करोगच असं नव्हे, सुजेनेही पांढरं होतं. पुढची तपासणी करायची एवढंच. पाळी गेल्यावर ही सीमा आत सरकते आणि डोळ्यांना दिसत नाही. अशांनी पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी काढून तपासणं) किंवा एचपीव्ही चाचणी मागावी. लस घेतलेल्यांनीही तिशीनंतर तपासणी चुकवू नये, कारण आधी शिरलेल्या विषाणूला लस हुसकावत नाही.